गाडी चिखलात रुतली तर? डिकीत काय हवे, काय टाळावे

पावसाळ्यात कर्वेनगरहून अनेक गाड्या पानशेत, ताम्हिणीकडे निघतात. कच्च्या वाटेला लागल्यावर मात्र गॅरेज दूर राहते, मोबाइलची रेंजही अनेकदा जाते. मग उपयोगी पडते ते डिकीतले सामान.

काय घ्यावे?
स्टेपनी, जॅक, पाना, फावडे, टायरची हवा मोजायचा गेज, हवेचा पंप, प्रथमोपचार पेटी, टॉर्च आणि पाणी. सामान घट्ट बांधावे. गाडी कलंडली तर सुटा जॅक डोक्यात बसू शकतो.

फळी कशाला?
चिखलात जॅक रुततो. खाली जाड फळी ठेवली की भार पसरतो.

हवा कमी का करतात?
टायर पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी. नाहीतर टायर तापून फुटू शकतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?
गाडी ओढण्याचा दोर. ताणलेल्या दोराचा हुक तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि जीवही घेऊ शकतो. त्यामुळे दोर बंपरला नव्हे, गाडीच्या टो हुकलाच लावावा. त्यावर ओले गोणपाट टाकावे. गाडी ओढताना इतरांनी दोराच्या लांबीपेक्षा बरेच दूर उभे राहावे.

निघण्यापूर्वी?
मार्ग आणि परतायची वेळ घरी सांगावी. शक्यतो दोन गाड्यांनी जावे. संकटात 112 क्रमांक लावावा.