नदी गेली, पात्र उरले

‘अय्याम-ए-बीज’ म्हणजे चांदण्याने उजळलेल्या रात्रींचे दिवस. इथे ‘बीज’चा अर्थ पांढरे. त्याच धातूतला ‘अब्यज’ शब्द अरबांनी स्पेनमधल्या एका नदीला दिला: वादी अल-अब्यज, पांढरी नदी. स्पॅनिश तोंडी त्याचे ‘ग्वादालाव्हियार’ झाले. वलेन्सिया शहरात हीच नदी तुरिया म्हणून ओळखली जाते.

1238 मध्ये तिथली मुस्लिम सत्ता संपली, पण पाण्याची शिस्त टिकली. शेतीच्या पाटाला तिथे आजही ‘असेकिया’ म्हणतात. मूळ अरबी शब्द साकिया, आपल्या ‘साकी’चाच नातलग. जुन्या जामा मशिदीच्या जागी उभ्या असलेल्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी शेतकऱ्यांचे पंच पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात.

14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरिया शहरात घुसली. किमान 81 माणसे गेली. मग सरकारने नदीच हलवली. शहराच्या दक्षिणेला सुमारे 12 किलोमीटर लांबीचे नवे पात्र खोदले आणि पाणी तिकडे वळवले.

शहरातले जुने पात्र कोरडे पडले. तिथून मोटाररस्ता काढायचा बेत होता. लोकांनी विरोध केला; पात्र आमचे आहे, ते हिरवेच हवे, असा आग्रह धरला. 1976 मध्ये ती जागा शहराला मिळाली आणि 1986 पासून टप्प्याटप्प्याने बाग खुली झाली. आज सुमारे 9 किलोमीटर झाडी आहे. शतकांपूर्वीच्या दगडी पुलांखालून मुले सायकली चालवतात, आडव्या पडलेल्या अवाढव्य गलिव्हरच्या अंगावरून घसरतात.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. 29 ऑक्टोबर 2024 रोजी पुन्हा प्रचंड पाऊस झाला. नव्या पात्राने पुराचे पाणी पेलले, जुने शहर वाचले. पण नव्या पात्राच्या दक्षिणेकडे, पाइपोर्तासारख्या गावांत, एरवी कोरडा असणारा पोयो नाला फुगून घरांत शिरला. वलेन्सिया प्रांतात 200 हून अधिक माणसे दगावली.

एका नदीला वाट करून दिली, म्हणून दुसऱ्या पाण्याची वाट अडवून चालत नाही. कोरडा नाला ही मोकळी जागा नव्हे. ती पाण्याची राखीव जागा असते.

घर घेताना आपण शाळा किती लांब, मशीद किती जवळ, हे विचारतो. एक प्रश्न आणखी विचारावा, तोही दलालाला नव्हे, मोहल्ल्यातल्या सर्वांत वृद्ध आजीला: इथून पूर्वी पाणी कुठून वाहायचे?