कोहळं धरेना!

पोळ्याला माहेरी गेले होते. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कपाशीच्या पट्ट्यातलं. चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच वहिनीने मला हाताला धरून मागच्या धुऱ्यावर नेलं. कुंपणावर कोहळ्याचा वेल पसरलेला. (पुण्याकडे त्याला लाल भोपळा म्हणतात.) पिवळ्या फुलांनी नुसता डवरलेला!

"ताई, फुलं पहा किती हायेत. पण एकबी कोहळं धरत नाही. पिवळं पडते अन् गळून जाते."

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवलेला. कोहळ्याच्या मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढं फळ आधीच असतं. नर फुलाचे पराग तिथवर पोचले नाहीत, की ते गळतं. पराग पोचवणार मधमाशी. आणि हे फूल उजाडताना उमलतं, दुपारच्या आत मिटतं. म्हणजे जे व्हायचं ते सकाळीच.

आम्ही दोघी अर्धा तास उभ्या राहिलो. एक माशी आली नाही. शेजारच्या वावरात मात्र पंप सुरू होता आणि तो उग्र वास थेट आमच्यापर्यंत येत होता.

आमच्या लहानपणी कपाशीत नुसती कपाशी कधीच नसायची. आठ-दहा ओळींमागे तुरीच्या दोन, मधे मूग-चवळी, धुऱ्यावर अंबाडी. निंदायला आलेल्या बाया जाताना ओट्यात भाजी घेऊन जायच्या. मृगाचे लाल मखमली किडे आम्ही काडेपेटीत ठेवायचो. (आठ पायांचा तो किडा शास्त्राप्रमाणे कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद. पण हे कळायला मला बी.एस्सी.ला जावं लागलं.) चवळीवर मावा पडायचा आणि मावा खायला ठिपक्यांचे ढालकिडे यायचे. एक ढालकिडा दिवसाला पन्नासेक मावा सहज फस्त करतो. चवळीवर पोसलेली ही फौज मग कपाशीवरही पहारा करायची. फुकटात!

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवं. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा काही परिणाम नाही. त्यांच्यासाठी पंप पुन्हा पाठीवर चढला. निंदणाला बाया मिळेनात म्हणून तणनाशक आलं, तसं धुऱ्यावरचं रानफूलही गेलं. मधमाशीने खायचं काय? पुढे गुलाबी बोंडअळीला बीटी पचायला लागलं. २०१७ साली तिने बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून भाऊ वावरात गेला, की वहिनी दुपारपर्यंत दारातच घुटमळते.

फवारणीत कीड मरते तसे ढालकिडेही मरतात. पण माव्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, आठवड्याभरात पिल्लांनाही पिल्लं होतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मग रान कुणाचं? माव्याचंच. पुन्हा फवारा!

रात्री जेवताना मी हे सगळं भावापुढे मांडलं. तो शांतपणे म्हणाला, "अळी आली तर कर्ज तू फेडशील काय?" मी गप्प बसले. त्याचं काय चुकलं, सांगा!

वहिनी मात्र गप्प बसली नाही. "निदान कोहळ्याच्या बाजूचं अर्धं एकर मले द्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला हाताने फळ धरायला शिकवलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला दांडा मादी फुलात हलकेच टेकवायचा. दोघी लाजून हसत होतो, जणू कुणाचं लग्नच लावतोय!

हे गेल्या वर्षीचं. यंदा त्या अर्ध्या एकरात तिने कपाशीत चवळी घातली, धुऱ्यावर तीळ आणि झेंडू. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवल्या होत्या. पाच किलो निंबोळीचा कूट रात्रभर भिजवायचा, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. आणि तेही पानं उलटून कीड मोजल्यावरच. माव्याशेजारी ढालकिडे दिसले, की हात आवरायचा. बाकीच्या वावरात भाऊ फवारतोच, पण आता संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर.

कापूस त्या तुकड्यात थोडा कमीच निघाला. औषधाचा खर्च वाचला म्हणून हिशेब जेमतेम जुळला. भाऊ पुढच्या वर्षी एक एकर देतो म्हणालाय, "पाहू" असं जोडून. आणि परवा एसटीने कोहळं आलं, चांगलं पाच किलोचं. सोबत वहिनीचा फोन, "ताई, याले हात नाही लावला बरं मी. आपसूक धरलं."

आज त्याचे बोंडं तळतेय.