चित्रातले घर आणि पावसातले घर

कापड घेताना ते हाताने चाचपून पाहता येते, बैल घेताना त्याला चालवून पाहता येते. घर मात्र बांधून होईपर्यंत पाहता येत नाही, आणि बांधून झाल्यावर ते परतही करता येत नाही. आयुष्यभराची पुंजी, बहुधा त्यावर कर्जही, अशा एका गोष्टीत घालावे लागते जी अद्याप अस्तित्वातच नाही. म्हणून चित्राची गरज भासते. पूर्वी हे चित्र हाताने काढले जाई. आज संगणकावर अशी चित्रे निघतात की छायाचित्र कोणते आणि कल्पना कोणती हे सांगता येऊ नये. घर बांधून घेणाऱ्याला ते कोणत्या साधनाने आणि कोणत्या शैलीत दाखवावे हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी दुसरा प्रश्न आहे. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येईल असे चित्र आपण काढतो आहोत की नाही?

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मुरबाड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे घर माझ्याकडे आले होते. मी मोठ्या उत्साहाने संगणकावर त्याचे हुबेहूब चित्र केले: सपाट छत, पश्चिमेला मोठी काचेची खिडकी, पुढे हिरवळ, वर निरभ्र आकाश. सगळ्यांनी ते पाहून मान डोलावली. घरातील आजींनी तेवढे विचारले, “पडवी कुठं हाय, दादा? भात कुठं ठेवायचा?” त्या प्रश्नाला कुणी थांबून उत्तर दिले नाही, मीही नाही. पहिल्याच आषाढात पश्चिमेकडून येणाऱ्या झडीने बाहेरची खोली भिजून गेली. पुढच्या वर्षी त्यांनी दर्शनी भागापुढे लोखंडी पत्र्याची शेड उभी केली आणि माझे चित्रातले घर तिच्यामागे झाकून गेले. माझ्या चित्रात पाऊस नव्हता. ज्या तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथील घराच्या चित्रात पाऊस नसावा, हा दोष संगणकाचा नव्हता, माझा होता.

आवडणे आणि कळणे

वास्तूचे चित्र दोन कामे करते. ते पाहणाऱ्याला मोहवते आणि ते त्याला माहिती देते. ही दोन्ही कामे एकाच चित्राकडून नेहमी होत नाहीत. इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) आपल्या ग्राहकांसाठी लाल बांधणीची चित्रपुस्तके तयार करीत असे. त्यात जागेच्या सद्यस्थितीचे जलरंगातील चित्र असे आणि त्यावरचा कागदाचा तुकडा उचलला की खाली नियोजित देखावा दिसे. युक्ती सुंदर होती. परंतु ‘आधी’चे चित्र उदास आणि ‘नंतर’चे चित्र उजळ काढण्याचा मोह त्या युक्तीतच दडलेला होता. आजच्या संगणकीय चित्रांतही तोच मोह आहे, केवळ त्याची ताकद कितीतरी वाढली आहे.

आपल्या महाराष्ट्रात याचे गंभीर उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्यानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे पक्की व भूकंपाला तोंड देणारी झाली, हे मोठे कार्य होते. तथापि अनेक गावांची मांडणी शहरी वसाहतीसारखी झाली: सरळ रुंद रस्ते, ओळीने सारखी घरे. जुन्या गावातील वाडा, अंगणातील आडोसा, गल्लीतला चौक, शेजाराची घडण यांतले पुष्कळसे त्यात हरवले, आणि लोकांनी पुढे आपापल्या परीने भिंती, पडव्या व शेड जोडून घरे बदलून घेतली. कागदावरील चौकट नियोजनकर्त्याला स्पष्ट दिसते. तीत राहणाऱ्याला आपला दिवस कसा जाईल हे त्यावरून दिसतेच असे नाही.

पायरीगणिक शैली

म्हणून पहिला नियम असा की चित्राची शैली कामाच्या टप्प्यानुसार निवडावी. पहिल्या भेटीत हाताने काढलेले कच्चे रेखाटन सर्वोत्तम. रेघ कच्ची असली की माणसाला पेन्सिल हाती घेऊन “चूल इथं नको, तिकडं घ्या” असे म्हणावेसे वाटते. याउलट पहिल्याच दिवशी हुबेहूब चित्र पुढे ठेवले तर सगळे ठरूनच गेले आहे असे त्याला वाटते. मग चर्चा फरशीच्या रंगावर येते आणि खोलीची जागा चुकली आहे हे सांगायचे राहून जाते.

दुसरी पायरी जमिनीवरची. चुन्याच्या फक्कीने प्रत्यक्ष जागेवर खऱ्या मापाची आखणी करावी आणि घरच्या मंडळींना तीत फिरवावे. नकाशा वाचता न येणाऱ्या बाईला रांगोळीची आणि सारवलेल्या अंगणाची सवय असते. जमिनीवरची आखणी तिला क्षणात कळते. पाण्याचा हंडा घेऊन ती दारातून आत वळू लागली की दार अरुंद आहे हे कुणी सांगावे लागत नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी ऐंशी नमुना घरे प्रत्यक्ष बांधून दाखवली होती. तेवढे सामर्थ्य आपल्यापाशी नसले तरी फक्कीचे एक पोते सर्वांना परवडते.

तिसऱ्या पायरीवर संगणकातील पांढरे प्रतिरूप यावे: रंग नाही, झाडे नाहीत, केवळ भिंती, छप्पर आणि सावली. दगड, कौल, रंग यांसह हुबेहूब चित्र चौथ्या पायरीवर, म्हणजे मांडणी पक्की झाल्यानंतरच करावे.

साधनांची निवड

आरंभ करणाऱ्यासाठी स्केचअप हे सर्वांत सुलभ साधन आहे. २००० साली ते बाजारात आले. पुढे गुगलकडे आणि २०१२ पासून ट्रिम्बल या कंपनीकडे आहे. त्याची ब्राउझरवर चालणारी मर्यादित आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य मिळते. मात्र तिला इंटरनेट लागते. दुर्गम पाड्यावर जाताना चित्रे छापूनच न्यावीत. ब्लेंडर हे २००२ पासून मुक्त असलेले साधन शिक्षणासाठी व व्यवसायासाठीही पूर्णतः विनामूल्य आहे. ते शिकण्यास वेळ लागतो, परंतु त्यातील ईव्ही पद्धतीने झटपट आणि सायकल्स पद्धतीने प्रकाशाचा बारकाईने मागोवा घेणारी चित्रे काढता येतात. गरीब घरातील विद्यार्थ्याने प्रथम हेच शिकावे असे मी सुचवीन.

एन्स्केप हे स्केचअप किंवा रेव्हिट यांच्या आतच चालते; भिंत सरकवली की चित्र लगेच बदलते. ग्राहक शेजारी बसलेला असताना हा गुण अमोल ठरतो. ल्युमियन आणि ट्विनमोशन यांत झाडे, माणसे, ऋतू यांचा तयार साठा असतो, पण त्यांना चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि ल्युमियनचा खर्चही मोठा आहे. व्ही-रे हे सूक्ष्म, छायाचित्रतुल्य कामासाठी. लहान घराला त्याची गरज क्वचितच पडते. साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: आपला संगणक ते पेलतो का, बदल किती लवकर दाखवता येतो आणि त्याचा खर्च शेवटी कुणाच्या माथी पडतो.

ऊन आणि पाऊस

पांढऱ्या प्रतिरूपाला गावाचे स्थान व दिशा दिली की संगणक कोणत्याही दिवसाची सावली दाखवतो. शहापूर व मुरबाड सुमारे १९.३ ते १९.५ उत्तर अक्षांशावर आहेत. २१ जून रोजी मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून सुमारे चार अंश उत्तरेकडे झुकलेला असतो. २१ डिसेंबरला तो दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे सत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे दक्षिण खिडकीवरील दोन फुटी छज्जाची सावली त्या मध्यान्ही जेमतेम सव्वादोन फूट खाली पोहोचते आणि थंडीतले ऊन घरात येते. पश्चिमेचे उतरते ऊन मात्र छज्जाला जुमानत नाही. तेथे पडवीच हवी. आपल्या कुडाच्या घरांच्या खोल, उतरत्या पडव्यांनी हे गणित केव्हाच सोडवले होते.

तयार साधनांतील पाऊस बहुधा शोभेचा असतो. ओटी भिजेल की नाही हे त्यावरून ठरवू नये. त्यासाठी साधी रीत आहे. घराचा उभा छेद काढावा आणि छपराच्या कडेपासून पंचेचाळीस अंशांची तिरपी रेघ आत ओढावी. झडीचा पाऊस साधारण तेथवर येतो असे धरावे. धान्य, चूल आणि म्हाताऱ्या माणसाची खाट त्या रेषेच्या आत असली पाहिजेत.

चित्राचा प्रामाणिकपणा

महामार्गालगतच्या फलकांवर आज आपल्या तालुक्यांतील बंगल्यांची चित्रे झळकतात. कित्येकांत निळाशार तरणतलाव असतो. तानसा, भातसा आणि वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या फलकांवर टँकर दिसत नाही. वास्तुरचनाकाराने निदान आपल्या चित्रात तरी शेजारचे घर, विजेचा खांब, पाण्याची टाकी आणि आजचे रोपटे रोपट्याएवढेच दाखवावे. दृष्टिकोन साठ अंशांच्या आत ठेवावा. तो फार रुंद केला की दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी भासते. खोलीत सहा बाय चार फुटांचा पलंग व खरे कपाट मांडावे. मग खोली आपला आकार स्वतःच सांगते.

या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा देऊन पाच वर्षांच्या वास्तुरचना अभ्यासक्रमाकडे वळतील, अशी आशा आहे. जे वळणार नाहीत त्यांच्याही घरी कधीतरी कुणीतरी रंगीत चित्र घेऊन येईल. आई-वडील संकोचाने मान डोलावतील. त्या वेळी तुम्ही तीन प्रश्न विचारा: हे घर आषाढात कसे दिसेल? मे महिन्यात दुपारी चार वाजता ऊन कुठवर येईल? आणि घरातली म्हातारी माणसे व वर्षाचे धान्य यांची जागा कोणती? चांगला रचनाकार या प्रश्नांनी रागावणार नाही.

मुरबाडच्या त्या घरी मी अजूनही जातो. पत्र्याच्या शेडखाली आता लाकडी बाक आहे, भाताच्या गोणी आहेत आणि पावसात सारे घर तेथेच बसते. नवीन काम हाती घेतले की मी आधी तेथली पडवी मोजून आणतो.