पाणचक्कीचे यंत्र आणि तिची नहर

मराठवाड्यात ‘पाणचक्की’ हा शब्द उच्चारला की औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, खाम नदीकाठचा दर्गा, त्यापुढील विस्तीर्ण हौद, उंच भिंतीवरून कोसळणारे पाणी आणि जुनाट वडाची सावली एवढे दृश्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते; परंतु ज्या यंत्रामुळे या स्थळाला हे नाव पडले त्या यंत्राकडे बहुतेक प्रेक्षक क्षणभर पाहतात आणि हौदातील मासे पाहण्यास परततात. वस्तुतः पाणचक्की हे प्रथम यंत्राचे नाव आहे आणि स्थळाचे नंतर. पाण्याच्या वेगाने फिरणारे धान्य दळण्याचे जाते, इतकाच तिचा मूळ अर्थ. पाण्याशी संबंध असलेल्या कोणत्याही चाकाला हे नाव देण्याचा जो प्रघात अलीकडे दिसतो तो म्हणूनच चुकीचा आहे. विहिरीवरच्या रहाटात जनावराचे अथवा माणसाचे बळ खर्ची पडते व पाणी वर येते. पाणचक्कीत पाणी खाली येते आणि त्याचे बळ माणसाच्या कामी पडते.

हे यंत्र समजून घेण्यासाठी घरातील जात्यापासून आरंभ करणे सोयीचे. जात्याची खालची तळी स्थिर असते, वरची तळी मधल्या खुंटीभोवती फिरते, दळणारीण एका हाताने खुंटा ओढते आणि दुसऱ्या हाताने दाणे वैरते. पाणचक्कीत वरचा खुंटा नाहीसा होतो आणि फिरविण्याचे काम खालून होते. जात्याच्या खाली, तळघरासारख्या जागेत, एक आडवे चाक बसविलेले असते. त्याच्या परिघावर तिरपी पाती असतात. चाकातून निघालेला उभा आस खालच्या तळीच्या मध्यातून आरपार वर जातो आणि वरच्या तळीच्या पोटात बसविलेल्या आडव्या पट्टीला धरून ती तळी आपल्याबरोबर फिरवितो. अरुंद मार्गाने आलेली पाण्याची धार पात्यांवर आदळली की चाक फिरते, आणि चाकाचा एक फेरा तोच तळीचा एक फेरा. मध्ये दंतचक्र नाही, पट्टा नाही. आसाचा खालचा टेकू किंचित वर-खाली केला की दोन तळ्यांतील अंतर बदलते, आणि त्याच जात्यातून बारीक पीठ अथवा जाडी भरड इच्छेप्रमाणे काढता येते.

पाश्चात्त्य देशांत दुसरी रचना अधिक रूढ झाली. तीत चाक उभे असते आणि त्याचा आस आडवा. त्यामुळे ती गती जात्याकडे वळविण्यासाठी दंतचक्रांची योजना करावी लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने अशा चक्कीचे वर्णन करून ठेवले आहे. मोठ्या नदीवर आणि मोठ्या कारखान्यासाठी ती रचना सरस, यात शंका नाही. इंग्लंडात रिचर्ड आर्कराइट याने 1771 साली क्रॉमफर्ड येथे सूतगिरणी उभारली तीही पाण्याच्याच बळावर, आणि दळणाच्या चक्कीचे ‘मिल’ हे नाव कापडाच्या कारखान्याला चिकटले ते याच परंपरेतून. तथापि आडव्या चाकाला अप्रगत म्हणून हिणविणाऱ्यांचे मत मला मुळीच मान्य नाही. जेथे पाणी थोडे पण उंचीवरून मिळते तेथे हीच रचना अल्प खर्चात व अल्प दुरुस्तीत चालते; आणि उभ्या आसावर आडवे फिरणारे चाक ही तिची मूळ कल्पनाच एकोणिसाव्या शतकातील जलटर्बाइनांत, बेन्वा फूर्नेराँ याने 1827 च्या सुमारास सिद्ध केलेल्या टर्बाइनापासून, अधिक शास्त्रशुद्ध रूपाने पुन्हा अवतरली.

या यंत्राचा प्राण पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या उंचीत आहे. पाणी जितक्या उंचीवरून येते त्या मानाने धारेचा वेग वाढतो, परंतु तो त्याच प्रमाणात वाढत नाही. उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. औरंगाबादेच्या सपाटीवर ही उंची आणावयाची कोठून, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर म्हणजे पाणचक्कीची नहर. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा करून, काही मैल लांबीच्या बंद खापरी नळांतून, केवळ नैसर्गिक उताराच्या आधारे ते शहरात आणले. नळ बंद असल्यामुळे वाटेत खाली उतरलेले पाणी स्वतःच्या दाबाने पुन्हा भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते. पंप नाही, इंधन नाही. या विद्येचा पाया येथे आधीच घातला गेला होता: 1610 साली खडकी हे नगर, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविणाऱ्या मलिक अंबराने शहरासाठी जी नहर बांधविली, तिचीच परंपरा पुढच्या नहरींनी चालविली.

पाणचक्कीचा परिसर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने आकाराला आला. बुखाऱ्याच्या मुलुखातून आलेले नक्शबंदी पंथाचे बाबा शाह मुसाफिर यांचे हे स्थान; पुढे आसफजाही अमीर-उमरावांचा आश्रय लाभून त्याचा विस्तार झाला. खानकाहीत, म्हणजे सूफी मठात, उतरणारे फकीर, यात्रेकरू, विद्यार्थी यांच्या भोजनाचा बंदोबस्त करावयाचा तर रोज पिठाची मोठी तजवीज हवी, आणि ती या चक्कीने होत असे. फारसीत पाणचक्कीला ‘आसियाब’ म्हणतात, आणि उंचीवरून अरुंद धार सोडून आडवे चाक फिरविण्याची पद्धत इराण व मध्य आशियात फार जुनी. त्या प्रदेशाशी जडलेल्या फकिरांच्या स्थानी हीच रचना दिसावी यात नवल नाही. परंतु हिला सर्वस्वी परकी मानण्याचेही कारण नाही. गढवाल-कुमाऊँपासून हिमाचलापर्यंत ओढ्यांच्या काठी ‘घराट’ म्हणून जी चक्की आजही कोठे कोठे दळण दळते, तिचे चाकही असेच आडवे आहे, आणि तिचे नाव संस्कृतातील ‘घरट्ट’ या जात्यावाचक शब्दाशी नाते सांगते.

आपल्याकडे गिरणी हा शब्द मुंबईने सर्वतोमुखी केला. तेथे कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केलेल्या पहिल्या सूतगिरणीपासून सत्ता वाफेची होती, कारण त्या बेटावर पडते पाणी नव्हते. घटप्रभेच्या धबधब्याशी गोकाकची गिरणी उभी राहिली ती मात्र पाण्याच्या बळाच्या भरवशावर, आणि म्हणून नात्याने ती पाणचक्कीला अधिक जवळची आहे.

या स्थळाच्या जतनाचा विचार होतो तेव्हा हौद, दर्गा आणि बाग यांचाच होतो, आणि नहर जणू दुसऱ्याच कोणाची मालमत्ता असल्याप्रमाणे विस्मरणात जाते, याचे मला फार वाईट वाटते. वस्ती वाढली, पाये खोदले गेले, जुने नळ फुटले, झिरपे आटले. नहरीवाचून चक्की म्हणजे नुसते दगड होत. महानगरपालिकेने, पुरातत्त्व खात्याने आणि ज्यांच्या घरांखालून, शेतांखालून ही नहर जाते त्या नागरिकांनी तिचा संपूर्ण मार्ग नकाशावर नोंदवून घ्यावा आणि त्या नोंदीला बांधकामाच्या परवान्यांत कायद्याचे बळ द्यावे. आणि वाचकांनी पुढच्या खेपेस तेथे गेल्यावर हौदाआधी चक्कीच्या खोलीत जाऊन पाणी कोठून येते हे अवश्य विचारावे.