मागणी नोंदवली, मन बदलले : ऑनलाइन खरेदी रद्द करताना कायदा काय सांगतो?

मागणी नोंदवल्यावर काही मिनिटांतच ती रद्द करावीशी वाटण्याची कारणे साधीच असतात. कपड्याचे माप चुकते, पत्ता जुना राहतो किंवा तीच वस्तू घरातल्या दुसऱ्या कोणी आधीच मागवलेली असते. अशा वेळी ‘पार्सल येऊ दे, मग पाहू’ ही चालढकल महागात पडू शकते. वस्तू विक्रेत्याकडून रवाना होण्यापूर्वीचा काळ हाच ग्राहकाच्या सर्वाधिक सोयीचा असतो.

रवानगीची रेषा

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव स्वीकारल्याचे कळवणे पूर्ण होण्यापूर्वी तो मागे घेता येतो. अनेक ऑनलाइन बाजारपेठांच्या अटींत ग्राहकाची मागणी हा प्रस्ताव, ‘मागणी मिळाली’ हा संदेश ही केवळ पोच आणि वस्तूची रवानगी ही स्वीकृती मानलेली असते. म्हणूनच ‘रद्द करा’ हा पर्याय रवानगीनंतर बहुधा दिसेनासा होतो.

युरोपीय संघात बहुतांश ऑनलाइन खरेदीसाठी, वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे सर्व ऑनलाइन खरेदीला लागू होणारा असा सरसकट हक्क नाही. केवळ मन बदलले असेल, तर रवानगीनंतर ग्राहक त्या बाजारपेठेच्या धोरणावर अवलंबून राहतो. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी निघाली, तर मात्र विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही.

शुल्क कधी?

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांत महत्त्वाची तरतूद आहे. कंपनी स्वतःहून मागणी रद्द करते तेव्हा तिलाही तसेच शुल्क सोसावे लागत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे.

नकाराचा पर्याय फिक्या रंगात दडवणे, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत घालणे अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

दाद कोठे मागायची?

समजा, मध्य प्रदेशातील जामसांवलीच्या ग्राहकाने वस्तू मागवली. निद्रिस्त हनुमानाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव सौंसर तालुक्यात, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात येते. विक्रेता सुरतचा, कंपनी बंगळूरची. रद्द केलेल्या मागणीचे पैसे परत आले नाहीत, तर या ग्राहकाने जायचे कोठे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहक राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पेडणे वा काणकोणच्या ग्राहकालाही हाच नियम लागू आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करून पाहावा.

रद्द करताना

मागणी ॲपमधूनच रद्द करावी आणि तसा संदेश आल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. पैसे मूळ खात्यात हवेत की ॲपच्या वॉलेटमध्ये, हा पर्याय नीट वाचूनच निवडावा. पार्सल रवाना झालेच असेल, तर धोरण पाहून ते दारातच नाकारावे. पार्सल घेऊन येणाऱ्याला ओटीपी देऊ नये, कारण तो दिल्यास वस्तू स्वीकारल्याची नोंद होते.

खरी जोखीम परताव्याच्या प्रतीक्षेत असते. घाईत इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक भामट्याचा असू शकतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तो मागणारा पैसे देण्यासाठी नव्हे, काढून घेण्यासाठी बोलत असतो. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. तेथे जितका उशीर होईल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता कमी होते.