गोड्या पाण्यातली तारली

तागायताय हे फिलिपिन्समधलं थंड हवेचं गाव. मनिलाची माणसं तिथं जातात, कड्यावर बसून कॉफी पितात आणि खाली ताल सरोवरातल्या सुबक शंकूचे फोटो काढतात. ज्वालामुखी पाहिला म्हणून खूश! गंमत अशी, की तो शंकू म्हणजे मुख्य मुख नव्हेच. आणि ज्वालामुखी? त्यावर तर ही मंडळी बसलीत! तो कडाच एका जुन्या, अजस्र ज्वालामुखीचा काठ आहे. आतली जमीन खचली आणि त्या खड्ड्यात २३४ चौरस किलोमीटरचं सरोवर साठलं.

आता बोटांवर मोजा हं. लुझोन हे बेट. त्यावर सरोवर. सरोवरात ज्वालामुखीचं बेट. त्या बेटाच्या मुखात पुन्हा तळं. आणि २०२० आधीच्या फोटोंत पाहाल, तर त्या तळ्यातही एक चिमुकलं खडकाळ बेट!

एवढं पाणी उशाला असून आग विझत कशी नाही? कढत तेलात पाण्याचा थेंब पडतो तेव्हा काय होतं? थेंबाची क्षणात वाफ होते, ती हजारपटीहून जास्त फुगते आणि आपण शेगडीपासून मागे उडी मारतो. इथं तेलाच्या जागी शिलारस, थेंबाच्या जागी अख्खं तळं. १२ जानेवारी २०२० ला राखेचा लोट सुमारे १५ किलोमीटर वर चढला, त्यात विजा नाचल्या, मनिलाचा विमानतळ बंद पडला. थोड्याच दिवसांत पाहतात तर मुखातलं तळं गायब! पुढं तिथं पुन्हा पाणी साठलं.

पण मला खरं वेड लावतो तो १७५४ चा उद्रेक. तोवर मोठं सरोवर समुद्राला जोडलेलं, खारं. ताल ज्वालामुखी जवळपास सात महिने धुमसत राहिला, आणि राखेदगडांनी समुद्राची वाट बुजत आली. उरली ती पानसिपित नावाची चिंचोळी नदी. मग पावसानं काम हाती घेतलं. वर्षानुवर्षं कोसळून त्यानं सरोवर गोडं करून टाकलं.

आणि आतले समुद्री जीव? एक सागरी साप तिथं चक्क अजून नांदतोय. आणि ताविलिस! आपल्या तारलीच्याच कुळातली ही मासळी. तारल्यांत गोड्या पाण्यात राहणारी जगात ही एकटीच, तीही फक्त या सरोवरात. २०१९ मध्ये तिचं नाव धोक्यातल्या जातींत गेलं. तिथल्या खवय्यांना ती कुरकुरीत तळलेली आवडते, काट्यांसकट.