स्वस्त शहराचं बिल कोण भरतं?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की मेसमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "पॅकेज किती?" हातात किती उरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या रूम-पार्टनरकडे सध्या दोन ऑफर आहेत, एक मुंबईची आणि एक कोलकात्याची. मुंबईचा आकडा मोठा आहे. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे. घरचे म्हणतात, "मुंबईच घे, विचार कसला करतोस?"

मी सुट्टीत ट्रेनिंगसाठी दोन महिने कोलकात्यात राहिलो होतो, म्हणून थोडं सांगतो.

आधी प्रवास. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला कोलकात्यात धावली आणि तिचं कमीत कमी तिकीट अजून ५ रुपयेच आहे. मार्च २०२४ पासून ती हुगळी नदीच्या पोटातून हावड्यालाही जाते. एवढ्या तिकिटात खर्च भागत नाही, तूट रेल्वे सोसते. म्हणजे आपल्या स्वस्त तिकिटाचे उरलेले पैसे देशभरातले लोक भरतात!

राहण्याचं म्हणाल तर उत्तर कोलकात्यात जुन्या वाड्यांमधून 'मेसबाडी' असतात. एका खोलीत तीन-चार खाटा आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. हॉस्टेलवाल्यांना ट्रेनिंगची गरजच नाही.

पण खरी गंमत जेवणात आहे. साध्या खानावळीतसुद्धा मासा-भात परवडतो. का? याचं उत्तर शहराच्या गटारात आहे. (जेवताना वाचत असाल तर ताट आधी संपवा!)

कोलकात्याचा उतार हुगळीकडे नाही, उलट पूर्वेकडे आहे. त्यामुळे सांडपाणी कालव्यांतून पूर्वेच्या पाणथळ भागात जातं. तिथं उथळ तळी आहेत, त्यांना 'भेडी' म्हणतात. या तळ्यांत पाणी साठवून ठेवतात. जिवाणू घाण कुजवतात, उन्हावर शेवाळ वाढतं, ते पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि त्यावर रोहू, कटला, मृगळ पोसले जातात. उरलेलं पाणी भातशेतीला आणि भाजीला. ट्रीटमेंट प्लँटचं काम सूर्य आणि मासे मिळून करतात, खताचा खर्च वाचतो, आणि मासा पहाटे निघून सकाळी बाजारात पोचतो. बर्फ नको, लांबची ट्रक नको.

ध्रुवज्योती घोष या इंजिनिअरने हे सगळं अभ्यासून जगापुढे मांडलं. निसर्गाचं अनुदान मिळालेलं शहर, असं ते कोलकात्याबद्दल म्हणत. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या भागाला २००२ साली 'रामसर' यादीत स्थान मिळालं. त्याआधी १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने इथल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली होती. तरीही भराव पडतातच, कारण शहराला लागून असलेली जमीन बिल्डरला दिसते. गंमत बघा, ज्या सॉल्ट लेकमध्ये आज आयटी कंपन्या आहेत, तो भागसुद्धा १९६० च्या दशकात पाणथळ जागा बुजवूनच उभा राहिला. उद्या भेडी गेल्या तर मासा महागेल, प्लँट बांधावा लागेल आणि पावसाळ्यात पाणी शहरातच तुंबेल. मग कसलं स्वस्त?

स्वस्ताईची आणखी एक बाजू आहे. खानावळीतल्या पोऱ्याची, रिक्षावाल्याची मजुरी कमी, म्हणून आपलं बिल कमी. हेही विसरायला नको.

तेव्हा ऑफर आली की कागदावर चार रकाने आखा: पगार, भाडं, जेवण, प्रवास. पहिल्यातून बाकीचे तीन वजा करा आणि मगच तोंड वाकडं करा.

काल रात्री पार्टनरने तो कागद केला. कोलकात्याच्या बाजूला शिल्लक थोडी जास्त निघाली. दहा मिनिटं गप्प बसून त्याने घरी फोन लावला, "बाबा, जरा हिशोब सांगू का?"